ऑसेलारिस क्लाउनफिश: कोकणातला उन्हाळा-पावसाळा पाहिल्यानंतर

खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळायचा हा मासा चिवट आहे, पण कोकणची दमट हवा आणि पावसात सतत जाणारी वीज त्याचा कस लावतात.

समुद्र हाकेवर असला तरी किनाऱ्याचं पाणी टाकीत ओतू नका. पावसाळ्यात नद्यांचं गोडं, गढूळ पाणी मिसळून क्षारता कोसळते. बंदरात डिझेलचा तवंग वेगळाच. आरओच्या पाण्यात लिटरमागे 35 ते 38 ग्रॅम अ‍ॅक्वेरियमचं मीठ घालून सापेक्ष घनता 1.025 ठेवा. जूननंतर हे मीठ ओल धरून दगडासारखं होतं. मग वजनावर भरवसा ठेवता येत नाही, रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) सांगेल ते खरं. घट्ट झाकणाचा डबा आधीच घेऊन ठेवा.

पाणी 25 ते 27 अंश असावं. मे महिन्यात ते सहज तिशी ओलांडतं. टाकीवरचा पंखा घाटावरच्या कोरड्या हवेत छान चालतो. इथे बाष्पीभवनच कमी, त्यामुळे जेमतेम एखाद-दोन अंशांचा फरक. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) महाग आहे, पण त्याला पर्याय नाही. उडालेल्या पाण्याची भर साध्या आरओ पाण्याने करा. मीठ मागे राहतं, म्हणून खारं पाणी घालत राहिलात तर क्षारता चढतच जाते. रात्रभर लाइट जाणार हे धरून बॅटरीवरचा एअर पंप हवाच, आणि तेवढा वेळ खाणं बंद.

जोडी घेताना एक लहान, एक मोठा घ्या. सगळे नर म्हणूनच वाढतात, वरचढ ठरतो तो मादी होतो. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन थरथरला की जमलं समजा. दोन मोठ्या माद्या एकत्र सोडल्यात तर पर फाटेपर्यंत मारामारी.

पेलेट्स (तयार खाद्याच्या गोळ्या) खातो, बारीक चिरलेली बिनमिठाची कोळंबी तर आवडीने. उरलेलं लगेच काढा, उकाड्यात अमोनिया झपाट्याने वाढतो.

समुद्रफूल (समुद्रात हा मासा ज्याच्या आसऱ्याने राहतो तो अ‍ॅनिमोन) नसलं तरी माशाचं काही अडत नाही, पंपाच्या कोपऱ्यालाच घर मानतो. नव्या टाकीत तर समुद्रफूल आणूच नका. ते सरकत पंपात अडकतं आणि सगळं पाणी नासवतं.

शक्यतो हॅचरीत (मत्स्यपैदास केंद्रात) वाढवलेला मासा घ्या. समुद्रातून पकडलेल्यांत ब्रुकलिनेला हा रोग हमखास दिसतो: अंगावर पांढरट चिकट थर, भराभर श्वास, खाणं बंद. तांब्याचं औषध यावर चालत नाही. वेगळ्या टबात फॉर्मेलिन, तेही बाटलीवरच्या मात्रेनेच आणि भरपूर हवा सोडून. उद्या बघू म्हणालात तर मासा हातचा गेला.