‘वीस मिनिटांची पायवाट’ सांगून दूधसागरला आम्हाला फसवलं

दूधसागरला जाणार असाल तर आधी हे वाचा. गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जण कोल्हापूरहून गेलो होतो. आईसाठीच ठरवलं होतं. मीटरगेजच्या काळात मिरजेहून गोव्याला जाताना तिने तो धबधबा गाडीच्या खिडकीतून पाहिला होता. एकदा त्याच्या पायथ्याशी उभं राहायचं, एवढीच तिची इच्छा होती.

गोव्यात मोल्याहून कुळ्याकडे, म्हणजे धबधब्याच्या जीप सुटतात त्या गावाकडे वळलो आणि एका मोटरसायकलवाल्याने गाडी थांबवली. गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक, बोलणं अगदी अदबीचं. “काका, आजचे जीपचे नंबर संपले. काउंटरवर गेलात तर परत पाठवतील. पण इथून पायवाट आहे, वीस मिनिटांची. आजींनाही जमेल.” गाईड आणि वनखात्याची परवानगी मिळून माणशी सातशे, म्हणजे ४२०० रुपये मी यूपीआयने दिले.

वीस मिनिटांची वाट आहे, हे अगदी खरं आहे. म्हणूनच मी फसलो. पण ती जीप जिथे सोडते तिथून पुढची, दगडधोंड्यांतून साधारण किलोमीटरभर. कुळ्याहून तिथवर अभयारण्यातून, ओढे ओलांडत दहा-अकरा किलोमीटर जीपनेच जावं लागतं. हे मी ऐकलेलं होतं, तरी त्या क्षणी आठवलं नाही.

त्याने गावामागे एका ओढ्याकाठी नेलं. “लाइफ जॅकेट घेऊन येतो,” म्हणाला आणि गेला. आईने साडी वर खोचून घेतली, नातवाचा हात धरून दगडावर बसली. पाऊण तास गेला. फोन बंद. शेवटी डोक्यावर झावळ्यांचा भारा घेतलेली एक बाई आली. म्हणाली, “ही वाट आमच्या कुळागरांत वता.” म्हणजे ती वाट त्यांच्या पोफळीच्या बागेत जात होती.

मग पावती नीट पाहिली. तारीख नाही, जीपचा नंबर नाही, नुसता ‘पेड’ असा जांभळा शिक्का, तोही पुसटलेला. धावत काउंटर गाठलं. तिथे कळलं, सकाळी आम्हाला अडवलं तेव्हा नंबर मिळत होते. आता मात्र दिवसभराचे खरोखर संपले होते. पैशांपेक्षा हे जास्त लागलं. आईचे गुडघे पुढच्या वर्षी साथ देतील का, कोण जाणे.

रस्त्यात कुणीही अडवलं तरी काच खाली करू नका, थेट कुळ्याच्या काउंटरवर जा, तेही सकाळी लवकर. जीपमध्ये सात जण बसतात. तुम्ही कमी असलात तर उरलेल्या जागांसाठी दुसरे प्रवासी तिथेच भेटतात. पावसाळ्यात जीप बंद असतात, तेव्हा रुळांवरून किंवा जंगलातून नेतो म्हणणाऱ्याच्या मागे मुळीच जाऊ नका.

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. मी दुसऱ्या दिवशी कळवलं. त्याने सांगितलेलं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं निघालं. पोलिसांतही लेखी तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.