विमानं ओळखणारा डबा: वर्गणीचा मेल आल्यावर लिहिलेला अनुभव

वॉरंटी संपत आली आणि कंपनीचा मेल आला: विमानांची यादी अद्ययावत हवी असेल तर दरवर्षी वर्गणी भरा. म्हणून आज लिहायला बसले.

१०९० मेगाहर्ट्झचा रिसीव्हर, छोटा पडदा, गच्चीवर अँटेना. विमानं रेडिओवरून स्वतःची जी माहिती प्रसारित करतात, ती हा डबा पकडतो आणि पडद्यावर दाखवतो. पुण्यात, धानोरीतल्या माझ्या गच्चीवरून लोहगाव विमानतळावर उतरणारी विमानं तर पकडली जातातच, खूप उंचावरून मुंबईकडे जाणारीही. रेंजबद्दल तक्रार नाही. सुखोई कानठळ्या बसवून जातात आणि पडद्यावर उमटत नाहीत, पण तो दोष डब्याचा नव्हे. लढाऊ विमानं आपला ठावठिकाणा जाहीर करत फिरत नाहीत.

माझं भांडण पडद्याशी आहे. सर्वांत ठळक काय, तर स्क्वॉक! हा चार आकडी कोड हवाई वाहतूक कंट्रोलर त्या उड्डाणापुरता देतो. त्यात ० ते ७ एवढेच आकडे, म्हणजे एकूण ४,०९६ कोड. सकाळी एका विमानाचा असलेला कोड दुपारी दुसऱ्याला मिळू शकतो. ७७०० म्हणजे आणीबाणी, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, इतपत तो कामाचा. विमान नेमकं कोणतं, हे सांगतो २४ बिटांचा पत्ता, म्हणजे विमानाचा ओळख क्रमांक. असे एकूण १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते होऊ शकतात आणि त्यांचे गठ्ठे देशोदेशी वाटलेले आहेत. भारताच्या वाट्याला २,६२,१४४ आले आणि ते सगळे ८० ते ८३ ने सुरू होतात. नोंदणी त्या देशात आहे तोवर विमानाचा पत्ता तोच राहतो. परदेशी विकलं की नव्या देशाचा मिळतो. आणि हाच पत्ता कोपऱ्यात, राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत!

त्यात यादी शिळी. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. विमानं तीच, पत्ते तेच, कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर वापरायचं नाव, मात्र एअर इंडियाचा. डबा अजून ‘विस्तारा’च लिहीत होता. सर्व्हिसवाले म्हणाले, “मॅडम, सिग्नलच तसा येतोय.” अहो, सिग्नलमध्ये विमानमालकाचं नाव नसतंच! पत्ता येतो, नाव तुमच्या यादीतून चिकटतं. हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

इथवर लिहून ‘घेऊ नका’ असंच म्हणणार होते. मग मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल निघाली: पत्ता, नोंदणी क्रमांक, मॉडेल, कंपनी, मध्ये स्वल्पविराम. हौशी लोकांनी जोपासलेल्या अशा याद्या नेटवर फुकट मिळतात. त्यातली एक त्याच नावानं टाकली, डबा चालू केला, विस्तारा गायब! मन लावून बनवलेलं यंत्र आहे हे, आता मनापासून सांगते. घ्या, पण वर्गणीचा एक रुपयाही भरू नका.

अक्षरांचा आकार सेटिंगमधून बदलत नाही, त्यासाठी एक तारा कापला आहे. आणि यादी बदलण्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवा. नव्या फाइलची पहिली ओळ रिकामी राहिली तर माझा डबा यादी वाचतच नाही.