अंबाझरी की गोरेवाडा? तलावाकाठी पायी फिरणाऱ्यांसाठी

नागपुरात रविवारी सकाळी तलावाकाठाने दोन-तीन तास चालायचं म्हटलं की शेवटी नावं दोनच उरतात. फुटाळ्याचं नाव कोणीतरी घेतोच, पण फुटाळ्यावर माणूस चालायला जात नाही, खायला जातो. समोर मावळतीचं पाणी, हातात भाजलेला भुट्टा, पाठीमागे गाड्यांचे हॉर्न. त्याची मजा आहेच, पण बूट बांधून निघायचं असेल तर अंबाझरी किंवा गोरेवाडा.

तिकीट, वेळा, गाडी कुठे लावायची हे सगळं गेटवर कळतं आणि बदलतही असतं, म्हणून ते सोडून देतो. फक्त एक आधीच सांगतो: काठाकाठाने पाण्याला पूर्ण प्रदक्षिणा घालायची हौस असेल तर ती दोन्हीकडे फिटत नाही. अंबाझरीला शहराच्या अंगाला पाळ, बगिचा आणि सांडवा. पलीकडच्या अंगाला वनविभागाचं जैवविविधता उद्यान. त्या दोन्हींची सांगड एका फेरीत बसत नाही. गोरेवाड्यात जंगल दाट आणि बिबट्यांचा वावर खराखुरा, त्यामुळे आपल्या मर्जीने कुठेही शिरायचं नाही, गेटवर सांगतील तेवढंच फिरायचं. तिथल्या प्राणिसंग्रहालयाची सफारीची बस 2021 पासून सुरू आहे, ती वेगळी. पायी फिरायला आलेल्या माणसाचा तिच्याशी संबंध नाही.

अंबाझरीची बाजू आधी मांडतो, कारण ती मांडायला सोपी आहे. उद्यानाचा पसारा साडेसातशे हेक्टरांच्या वर आहे. आपल्याकडे ज्याला झुडपी जंगल म्हणतात तसं मोकळं रान, मध्येमध्ये गवताळ माळ, टेकाडं, आणि वळणावळणावर पाणी दिसत राहतं. पलीकडच्या काठावर शहर, त्यातून सरकत जाणारी मेट्रो. एवढ्या जवळून नागपूर इतकं गप्प दुसरीकडे दिसत नाही. मोकळं असल्यामुळे वाट चुकायची भीती नाही. लहान मुलं पुढे पळाली तरी नजरेत राहतात. नीलगाय अधूनमधून समोरून जाते. हिवाळ्यात पाण्यावर बदकं असतात, पाणकावळे तर बाराही महिने पंख वाळवत बसलेले.

तलाव 1870 चा, शहराला पाणी पाजायला बांधलेला, आणि नाग नदी इथूनच पुढे शहरात शिरते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे हाच तलाव सांडव्यावरून उसळला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, शंकरनगर पाण्याखाली गेलं. तेव्हापासून त्या संथ पाण्याकडे पाहताना मनात थोडी वचक असते. वाडीच्या अंगाने येणारं सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी हे दुसरं दुखणं. काही महिने अर्धं पाणी हिरव्या गालिच्याखाली दडलेलं असतं. पण या दोन्ही गोष्टींमुळे मी अंबाझरीला जाणं कमी केलं असं नाही. कमी केलं ते कुसळांमुळे.

हसू नका. पाऊस संपला की माळावरचं कुसळी गवत पिकतं. दुरून पाहिलं तर सोनेरी, उन्हात लाटा मारणारं, फोटो काढावा असं. जवळून पाहिलं तर प्रत्येक काडीच्या टोकाला बाणासारखं टोकदार बी आणि त्याला पीळ दिलेली लांब काळी शेपटी. ही शेपटी ओल लागली की उलगडते, वाळली की पुन्हा पिळते. जमिनीत बी रुतवायची गवताची ही युक्ती आहे, आणि मोज्याला ते जमीनच समजतं. सकाळी दवात चालताना काही जाणवत नाही. ऊन चढून मोजे वाळायला लागले की घोट्याजवळ टोचायला लागतं. ओढून काढावं तर शेपटी हातात येते आणि टोक आत राहतं. टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच जातं.

घरी आल्यावर व्हरांड्यात बसून चिमट्याने एकेक काढत बसायचं. "हे काय करून राहिले तुम्ही?" म्हणून सौ. विचारणार, आणि मोजे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका म्हणून बजावणार. तिचं बरोबरच आहे. मशीनमधून ती कुसळं मोज्यातून टॉवेलमध्ये जातात, टॉवेलमधून बनियनमध्ये, आणि मग सोमवारी ऑफिसात मीटिंगच्या ऐन मध्ये पाठीवर भलत्याच जागी टोचतं. मी बूट बदलून पाहिले, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचून पाहिले, रुंद वाटेच्या मधोमध चालून पाहिलं. मधोमध चाललं की कमी लागतात हे खरं, पण मग पाण्याजवळ उतरता येत नाही, आणि पाण्याजवळ उतरायचं नसेल तर इतक्या लांब यायचं कशाला? सायकलवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं, त्यांना गोखरू पंक्चर करतो.

गोरेवाड्यात हा त्रास मला तरी जवळजवळ झाला नाही. तिथेही माळ आहे, गवत आहे, पण मी ज्या वाटांनी चाललो त्या बऱ्याचशा सागाच्या आणि मिश्र झाडोऱ्याच्या सावलीतून जातात. सावलीत कुसळी गवताचं फारसं फावत नाही. पायाखाली सागाची वाळलेली पानं, त्यांचा चालताना पापड मोडल्यासारखा आवाज. हाच आवाज गोरेवाड्याची खरी अडचणही आहे: माणूस येतोय हे अख्ख्या जंगलाला आधी कळतं. चितळ दिसायचं असेल तर थांबावं लागतं, चालून दिसत नाही. पक्षी मात्र भरपूर. राखी धनेशाची ती चिरकी ओरड ऐकली की मान आपोआप वर जाते. पावसाळ्याच्या तोंडाशी नशीब असेल तर नवरंगही.

तलाव इथलाही जुना, 1912 चा, आणि आजही पेंचचं पाणी गोरेवाड्यात शुद्ध होऊन शहराच्या नळांना जातं. त्यामुळे काठावर खाऊच्या पुड्या फेकणाऱ्यांबद्दल मला इथे जास्त राग येतो. शेवटी ते आपल्याच माठात येणार.

गोरेवाड्याच्या उण्या बाजूही आहेत, त्या लपवत नाही. पाणी सतत सोबत राहत नाही. बराच वेळ नुसती झाडं, आणि मग अचानक फांद्यांच्या मधून चकाकी. ज्याला तलाव डोळ्यांसमोर हवाच, त्याचा इथे हिरमोड होईल. जाताना रिंग रोडचे ट्रक झेलावे लागतात. मोकळेपणाही कमी: सोबत बडबडी मंडळी असतील, गाणी लावून चालायची सवय असेल, तर अंबाझरीच बरी. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यालाही मी आधी अंबाझरीच सुचवीन, कारण बिबट्याच्या जंगलात "पळू नको रे" म्हणून सारखं ओरडत बसावं लागतं, आणि त्यात सगळ्यांचीच सकाळ जाते.

उन्हाचं म्हणाल तर फरक मोठा आहे. मार्च लागला की अंबाझरीच्या माळावर आठलाच डोकं तापतं, आणि पाण्यापलीकडून उगवलेला सूर्य थेट डोळ्यांत येतो. गोरेवाड्यात सावलीमुळे तास-दीड तास जास्त मिळतो असा माझा अंदाज. पण एप्रिलमध्ये साग निष्पर्ण झाला की तीही सोय संपते. मग दोन्हीकडे न जाता घरी कूलरसमोर बसणं शहाणपणाचं.

पावसाळ्यात पारडं उलटं फिरतं. जुलै-ऑगस्टमध्ये अंबाझरीचं गवत कोवळं, गुडघाभर हिरवं आणि कुसळाचा पत्ता नाही. तलाव भरलेला, टेकाडांवरून ढग दिसतात. काळी माती बुटाला किलोभर चिकटते, पण ती घरी बादलीभर पाण्यात निघते. गोरेवाड्यात तेव्हा डास आणि चिखल दोन्ही. त्यामुळे पावसात अंबाझरी, आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत गोरेवाडा, असा माझा शिरस्ता पडलाय. वर्षात फक्त एकदाच जायला जमणार असेल आणि ते थंडीत असेल, तर माझं मत गोरेवाड्याला.

तरीही दिवाळीनंतर पाहुण्यांना अंबाझरीच दाखवायची असेल तर सुती मोजे घालू नका. गुळगुळीत नायलॉनचे घाला, वर पोटरीपर्यंत पट्टी गुंडाळा, आणि गाडीत बसायच्या आधी मोजे काढून पिशवीत टाका. सीटच्या कापडात एकदा शिरलेलं कुसळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत टोचत राहतं.