बोटीवर जनरेटर बसवताना चोरी होते ती कव्हरच्या आत

बिलावर स्पष्ट छापलेलं होतं: सागरी रबर माउंट (कंपन शोषणारे पाय) 4, व्हेंटेड लूप (सायफन तोडणारं, हवेचा व्हॉल्व्ह असलेलं नळीचं वळण) 1, ब्राँझचा सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा झडप-नळ) 1. साउंड कव्हर (आवाज दाबणारी पेटी) काढलं तर यातलं एकही बोटीत नव्हतं. जनरेटर मात्र नवा आणि अस्सल, त्यामुळे मालकाला संशय आला नाही. चाचणीही झाली, पण 10 मिनिटांची आणि लोड (विजेची उपकरणं) न देता. पैसे तिथेच चुकते झाले.

सगळ्यात महागात पडला तो न बसवलेला लूप. सेट, म्हणजे जनरेटर, पाण्याच्या रेषेखाली बसतो, त्यामुळे बंद केल्यावरही समुद्राचं पाणी सायफननं आत येत राहतं. इम्पेलरची (थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राची) पाती झिजली की ते अडत नाही. मिक्सिंग एल्बोमधून (जिथे हे पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळतं) वॉटरलॉक (एक्झॉस्टमधलं पाणी साठवणारा डबा) भरतो, मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून पाणी सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. डिपस्टिकवर तेल दुधाळ चहासारखं दिसतं. तेव्हा बसवणारा म्हणाला, ‘सीकॉक तुम्हीच उघडा ठेवलात’, आणि वॉरंटी नाकारली. म्हणून सीकॉकपासून एल्बोपर्यंतची नळी स्वतः हातानं चाचपत जा. एल्बो पाण्याच्या रेषेखाली किंवा जेमतेम वर असेल, तर एल्बोच्या आधी नळी रेषेच्या वर किमान 30 सेंमी चढलेली हवी आणि माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह हवा. बोट कलली तरी तो माथा पाण्याच्या वरच राहिला पाहिजे.

याच जागी आणखी एक खोड सापडते: तळाला पुढे तोंड केलेला स्कूप (पाणी आत घेणारी पन्हळ). बोट पळताना तो बंद सेटमध्ये पाणी दाबानं ढकलतो.

सीकॉक रंगवलेला होता. रंग खरवडल्यावर गुलाबी, ठिसूळ डाग निघाले. ते साधं पितळ होतं. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि एक दिवस हँडल हातात येतं. रंगवलेला सीकॉक स्वीकारूच नका.

माउंटच्या जागी साधे रबरी ठोकळे होते, तेही प्लायवूडमध्ये लाकडी स्क्रूनं बसवलेले. कंपनानं असे स्क्रू सैल होणारच. भक्कम बेअररवर (सेटचं वजन पेलणाऱ्या आडव्या तुळयांवर) आरपार बोल्ट, खाली रुंद वॉशर आणि नायलॉक नट (कंपनानं न सुटणारे नट) लागतात. 180 किलोच्या सेटचं वजन चार पायांवर 45-45 किलो पडत नाही, एक बाजू बहुधा जड असते. त्यामुळे प्रत्येक माउंट किती वजन पेलतो तो आकडा उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून बघा. सेट मऊ माउंटवर हलतो, म्हणून डिझेल, पाणी आणि एक्झॉस्टची शेवटची जोडणी लवचिक नळीचीच हवी. एक्झॉस्ट नळीच्या प्रत्येक टोकाला दोन स्टेनलेस क्लिपा मोजा. तिथून गळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून झोपायच्या केबिनमध्ये अलार्म हवाच.

कव्हर लावण्याआधी प्रत्येक जोडणीचा फोटो मागा. तो हाती येईपर्यंत आणि तासभर 75 टक्के लोडवर सेट चालेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.