गोव्याच्या सायकलवारीला पॅनिअर की सीट बॅग?

आधी झोपायचं कुठं ते ठरवा, बॅग त्यानंतर. कोल्हापुरातून राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरून गोव्याला जाताना लॉजवर मुक्काम असेल, तर सामान 5–6 किलोंत बसतं आणि सीटमागं बांधायच्या सीट बॅगेसोबत हँडलची बॅग पुरते. तंबू, चटई, स्टोव्ह घेतला की आकडा 12 च्या पुढं जातो. मग कॅरिअर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, म्हणजे पॅनिअरच हवेत. पाठीवरची सॅक दोन्हीत नको. घाम तर येतोच, शिवाय तिचा सगळा भार बैठकीवर पडतो.

पॅनिअरची जोडी साधारण 40 लिटरची. वजन चाकाशेजारी खाली राहतं, त्यामुळं वळणावर सायकल डोलत नाही. पण कॅरिअर आणि रिकाम्या बॅगाच अडीच किलोंच्या आसपास भरतात. सायकल, स्वार, सामान मिळून 90 किलो धरलं, तर 6 किलो वाढल्यावर तेवढ्याच दमात घाट चढायला 6–7 टक्के वेळ जास्त लागतो. उतरताना हे कळत नाही. परत वर येताना कळतं.

बिघडतात ते कॅरिअरचे 5 मिलिमीटरचे बोल्ट. हादऱ्यानं एक सैल होऊन पडला की त्याचा भार दुसऱ्यावर जातो आणि तो तुटतो. आट्यांना निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, रोज सकाळी अ‍ॅलन कीनं तपासा, चार जादा बोल्ट आणि झिप टाय ठेवा. मागच्या चाकाचे गिअरकडचे स्पोकही तुटतात, कारण ताण तिथं जास्त. दोन जादा न्या. पण ते बसवायला कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) काढावी लागते, म्हणजे तिचं हत्यारही हवं. टाच बॅगेला घासत असेल तर बॅग मागं सरकवा.

सीट बॅग 14–16 लिटरची, हलकी, आणि कॅरिअरची भोकं नसलेल्या फ्रेमलाही चालते. जड वस्तू सीटपोस्टलगत (सीटच्या दांड्याजवळ), कपडे शेपटाकडं; उलट भरली तर उभं राहून पेडल मारताना डावी-उजवी झुलते. सीट खाली असलेल्यांनी आधी स्वार होऊन पाहावं: टायर आणि बॅगेत चार बोटं अंतर नसेल तर खड्ड्यात घासणारच. तळातली वस्तू काढायला सगळी बॅग उपसावी लागते, म्हणून रेनकोट हँडलच्या बॅगेत.

पावसाळ्यात झिपवाली बॅग नको; तोंड गुंडाळून बंद होणारी घ्या, तरी आत जाड प्लॅस्टिक पिशवी घालाच.

ट्यूब दोन्ही प्रकारांत दोनच. व्हॉल्व्ह प्रेस्टा (बारीक तोंडाचा) असेल तर छोटा पितळी अडॅप्टर विसरू नका. गावच्या पंपाचं तोंड त्याशिवाय बसत नाही.