थकबाकीदाराच्या दारात बँड: लावून पाहिला, काय हाती लागलं

बँडचं नाव लिहीत नाही. बँडच्या मास्तरांची पहिली अट तीच होती. "साहेब, वाजवायला आमची ना नाही. पण उद्या लग्नाची सुपारी द्यायला आलेली माणसं म्हणायला नकोत, हे घरपट्टीवाले." म्हणून मोठ्या ढोलाच्या पानावर रंगवलेलं नाव आणि मोबाईल नंबर त्यांनी जुन्या फ्लेक्सचा तुकडा चिकटवून झाकला. फ्लेक्स निघाला कुणाच्या तरी वाढदिवसाचा. त्यामुळे जप्तीची नोटीस हातात धरून मी दारात उभा आणि शेजारी ढोल 'हार्दिक शुभे' एवढंच म्हणतोय, असा सगळा देखावा होता.

मी एका नगरपरिषदेत करवसुलीला आहे. वसुली लिपिक म्हणून चिकटलो, आता निरीक्षक आहे. वॉर्डातल्या लिपिकांना टार्गेट वाटून द्यायचं आणि मार्चमध्ये साहेबांच्या शिव्या खायच्या, हे काम. बँड लावल्याचं कळल्यापासून आजूबाजूच्या नगरपरिषदांतल्या वसुलीवाल्यांचे फोन येतायत. किती घेतात, वेळेवर येतात का, पैसे निघाले का. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

कल्पना आमची नाही. पुणे महापालिकेने थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तीच बातमी मुख्याधिकाऱ्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'आपल्याकडे?' प्रश्नचिन्ह असलं तरी तो प्रश्न नव्हता. साहेबांचंही चूक नाही म्हणा. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानाला अट घातली, मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या वेगाने तरी वाढली पाहिजे. वसुली पडली की गटार-रस्त्याच्या पैशावरच गदा. तेव्हापासून टक्केवारीचा तक्ता साहेबांच्या टेबलावरून हलत नाही.

तर सेवेबद्दल. गावात पर्याय तीन. हलगी सगळ्यात स्वस्त, आणि खरं तर दवंडीची परंपरा तिचीच. पण आमच्याकडचे हलगीवाले म्हणाले, आम्ही गावातच राहतो, उद्या त्यांच्याच दारात जत्रेला जायचंय. बेंजो पार्टीला गाडी, जनरेटर आणि स्पीकर लागतात, म्हणजे पोलिसांची परवानगी आली. राहिला ब्रास बँड. तीन कोटेशनं लागतात आणि गावात बँड दोनच, म्हणून तिसरं शेजारच्या तालुक्यातून मागवलं. आमच्या मास्तरांनी अर्ध्या दिवसाचे साडेआठ हजार सांगितले, टेम्पो वेगळा. लग्नाच्या दरापेक्षा बरंच कमी. वरातीसारखं चालत वाजवायचं नाही, उभं राहून वाजवायचं, म्हणून.

बँड म्हणून त्यांना मी पैकीच्या पैकी देईन. सकाळी दहा म्हणजे पावणेदहाला टेम्पो नगरपरिषदेच्या फाटकात. युनिफॉर्म धुतलेला, टोपीचा तुरा जागेवर. क्लॅरिनेटवाले काका साठीच्या पुढचे, पण फुंक अशी की पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावी. मास्तरांनी आधीच विचारून घेतलं, "साहेब, चाल कुठली लावू? आनंदाची का दुःखाची?" याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. भक्तिगीत नको, कुणाच्या भावना दुखावतील. वरातीचं नको, पोरं नाचतील. शेवटी झेंडावंदनाला वाजवतात तसलं मार्चिंग ठरलं. पोरं त्यावरही नाचली.

माझ्या बाजूने दोन गोष्टी मी पक्क्या केल्या होत्या, आणि ज्यांना हे करायचंय त्यांनीही कराव्यात. पहिली, यादी. राहती लहान घरं नाहीत, अपिलात असलेली प्रकरणं नाहीत, आजारपण-मयत झालेलं घर तर नाहीच. फक्त व्यापारी मिळकती आणि मोठी बाकी, तीही बिल गेलेलं, मागणीची नोटीस बजावलेली आणि पोच फाईलला लावलेली. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात बिल आहे, नोटीस आहे, जप्तीचं अधिपत्र, म्हणजे वॉरंट, आहे. बँडची तरतूद नाही. उद्या कोणी कोर्टात गेलं तर कागदच वाचवणार, ट्रंपेट नाही. दुसरी गोष्ट, माईक. आमच्या एका उत्साही लिपिकाला माईकवरून नाव आणि रक्कम पुकारायची होती. मी नाही म्हटलं. वाजवायचं ते वाजवा, पण नाव उच्चारायचं ते दारात जाऊन, समोरासमोर, अहो-जाहो करून.

आता पैशाचं.

सगळ्यात जास्त वसुली बँड न वाजवता झाली. पेठेच्या तोंडाला टेम्पो थांबला, ढोल खाली उतरवला, पट्टा खांद्यावर घेतला, तोवर पहिल्या दुकानाचे शेठ चेकबुक घेऊन पायरीवर. "अहो, आत या ना, चहा घ्या, हे काय चारचौघांत!" गेली चार वर्षं मी त्यांच्या दुकानात त्यांचा मुलगा 'बाबा बाहेर गेलेत' म्हणतो ते ऐकत होतो. बाबा गल्ल्यावरच बसलेले असायचे, फक्त पाठ करून. त्या दिवशी पूर्ण थकबाकी आणि चालू मागणी, दोन्ही. चेकवर तारीख पुढची घालायला निघाले होते, ती मात्र मी घालू दिली नाही. पुढच्या दोन दुकानांनी बँड आपल्याकडे वळायच्या आत माणूस ऑफिसात पाठवून पावत्या फाडून घेतल्या. मास्तर जरा हिरमुसले. "साहेब, वाजवू तरी द्या की एकदा."

बंद फ्लॅटचाही अनुभव चांगला आला, आणि तो मला अनपेक्षित होता. एका इमारतीत खालचे गाळे आणि वरचे दोन फ्लॅट एकाच मालकाचे, मालक पुण्यात. दाराला कुलूप. कुलपापुढे बँड लावणं म्हणजे येडेपणा, असं मला वाटलं होतं. पण शेजारच्या बाईंनी गॅलरीतून व्हिडिओ काढला, तो भावकीच्या ग्रुपवर गेला, आणि आम्ही पुढच्या गल्लीत पोचायच्या आत मालकांचा फोन. आवाज चढलेला होता, पण पैसे ऑनलाइन भरून मग ओरडत होते. असं ओरडणं मला चालतं.

आणि आता मंगल कार्यालय. यादीतली सर्वांत मोठी बाकी तिथलीच. बँड दारात लागला आणि रस्त्यावरच्या माणसांना वाटलं, आत लग्न आहे. दोघे-तिघे चपला काढून आतही गेले. मालक बाहेर आले, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चेहऱ्यावर हसू. दोन मिनिटं मान डोलावत ऐकलं, खिशातून पाचशेची नोट काढली, क्लॅरिनेटवाल्या काकांवरून ओवाळली आणि मास्तरांच्या हातात दिली. "लई झ्याक. आता जरा उडतं काहीतरी होऊ द्या." मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नाही म्हटलं, पण ढोलवाल्या पोराला ते दिसलं नाही. त्याने ठेका बदलला, त्याच्यामागे झांजा आल्या, आणि नगरपरिषदेच्या खर्चाने मंगल कार्यालयाची जाहिरात झाली. बाकी? "बघू की साहेब, मार्च अजून संपलाय कुठं!"

हे गृहस्थ का भरत नाहीत ते मला माहीत आहे, आणि त्यावर बँड हा इलाजच नाही. थकीत करावर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. लाखाच्या बाकीवर वर्षाला चोवीस हजार. ऐकायला जबर वाटते. पण मोठा थकबाकीदार ही शास्ती भरायची असते असं धरतच नाही. तो अभय योजनेची, म्हणजे शास्ती माफ व्हायची, वाट बघतो. 2025 च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने नगरपरिषद अधिनियमात दुरुस्ती करून शास्ती माफीची वाट मोकळी करायला मान्यता दिली, तेव्हा हेच कार्यालयवाले मला नाक्यावर भेटले होते. पेपर काखेत. "बघा, मी म्हणत नव्हतो?" दर एप्रिलला रांगेत उभं राहून भरणारा रिटायर्ड शिक्षक मला विचारतो, मग मी काय येडा म्हणून भरलं का? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही, कुठल्याच वसुलीवाल्याकडे नाही.

भाऊबंदकीच्या वाड्यापुढे तर बँड अगदीच फुकट गेला. उतारा आजोबांच्या नावावर, आजोबा कधीच गेले, खाली रस्त्याला चार भावांची चार दुकानं, वारसनोंद नाही. बँड सुरू झाला तसे चारही भाऊ बाहेर आले आणि प्रत्येकाने बोट दुसऱ्याकडे केलं. थोरले म्हणाले, "माझा हिस्सा मी धाकट्याकडे दिलाय." धाकटे म्हणाले, "कधी?" पुढचं संभाषण आमच्यासमोर नको म्हणून आम्ही टेम्पो पुढे घेतला. तिथे कागदपत्रं लागतात. वाजंत्री लावून वारसनोंद होत नाही.

काही ठिकाणी वाजवताच येत नाही, हेही आधी लक्षात घ्या. आमच्या यादीत एक खाजगी दवाखाना होता, बाकी चांगली घसघशीत. पण 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. म्हणजे ज्यांची बाकी मोठी, त्यांना कायद्याचंच कवच. शिवाय फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावी. पेठेतल्याच एका माडीवरून एक आई खाली आली, हातात पोराचं हॉल तिकीट घेऊन. काही बोलली नाही, नुसतं ते धरून उभी राहिली. बँड थांबवला. पोरगा पेपरला निघेपर्यंत मंडळी टपरीवर बसली. तेवढ्या वेळाचे पैसे मास्तरांनी लावले नाहीत, हे मुद्दाम लिहितो. आणि सरकारी कार्यालयांची बाकी तर विचारूच नका. तिथे बँड न्यायचं नुसतं नाव काढलं तरी माझीच बदली व्हायची. तिथे पत्रापुढे पत्र, एवढंच.

मग खरं काय चालतं? नळ आणि अधिपत्र. नळ तोडायला प्लंबर खड्ड्यात उतरला की माणूस पायात चप्पल नसताना पळत येतो. जप्तीचं अधिपत्र घेऊन गेलो की शटरच्या सीलकडे बघून हिशेब जुळतात. अधिपत्राला मर्यादा आहेत आणि त्या असायलाच हव्यात: अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांना हात लावता येत नाही, दार फोडायचा अधिकारही सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच. पण त्याला वजन आहे. बँडला वजन नाही, आवाज आहे. ज्याला चार लोकांची लाज आहे तोच त्या आवाजाला भितो, आणि लाज असलेला माणूस दोन वेळा घरी गेलं, नीट बोललं, हप्ते पाडून दिले तरी भरतो. त्याच्यासाठी साडेआठ हजार घालवायची गरज आहे का, हे ज्याने त्याने आपली यादी बघून ठरवावं. आमच्या बाजारपेठेत खर्च निघून वर पुष्कळ उरलं, हे खरं आहे. नुसत्या राहत्या वस्तीत निघाला नसता, असं माझं मत.

एक तक्रार आहे, पण ती बँडची नाही. बिल कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या हेडखाली, टाकायचं यावर लेखा विभागात फाईल फिरतेय. 'जाहिरात व प्रसिद्धी' म्हणावं तर लेखापरीक्षण विचारणार कसली जाहिरात. 'सांस्कृतिक कार्यक्रम' असं एकाने सुचवलं, त्याच्याकडे मी नुसतं बघितलं. मास्तर एकदा येऊन गेले. म्हणाले, साहेब, पैसे नका देऊ, माझ्या घरपट्टीतून वळते करा. तसं करता येत नाही; देणं वेगळ्या हेडचं, येणं वेगळ्या हेडचं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी खिडकीवर येऊन आपली घरपट्टी रोख भरली, पावती घडी करून टोपीत ठेवली आणि बिलाचं विचारून गेले. त्यांची बाकी शून्य आहे. आमची आहे.

माझे गुण: बँडला पाचपैकी पाच, कल्पनेला अडीच, तेही टेम्पो उभा राहिला की पडणाऱ्या चेकसाठी. लावणारच असाल तर टेम्पोचं भाडं वेगळं धरा, बिलाचं हेड आधी लेखापालांकडून लिहून घ्या, बोर्डाच्या परीक्षेचं वेळापत्रक जवळ ठेवा आणि पंचांगही बघा. आमच्या यादीतले शेवटचे चौघे तसेच राहिले, कारण त्या दिवशी मुहूर्त होता आणि मास्तरांनी दोन लग्नांच्या सुपाऱ्या आधीच घेतल्या होत्या. त्यातलं एक लग्न त्याच मंगल कार्यालयात.