पार्ट-टाइम सीटीओ नेमताय? आधी डोमेन कोणाच्या खात्यात आहे ते बघा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा कोरुगेटेड खोक्यांचा कारखाना आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या पॅकहाऊसना आम्ही द्राक्षाचे खोके पुरवतो. धंदा वाढला तसं फोनवर ऑर्डर घेणं जड जायला लागलं. ऑर्डर, स्टॉक, डिलिव्हरी सगळं एका सिस्टीमवर आणायचं होतं. त्यासाठी पूर्णवेळ मोठा माणूस आमच्यासारख्यांना परवडत नाही, म्हणून महिन्यातले ठरावीक दिवस देणारा ‘फ्रॅक्शनल सीटीओ’ (सीटीओ म्हणजे कंपनीचा तंत्रज्ञान प्रमुख) घेतला. ही पद्धत चांगलीच आहे, आजही माझं तेच मत आहे. पण आमच्या बाबतीत जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून लिहितेय.

माणूस बोलायला गोड. “ताई, तुम्ही धंदा बघा, टेक्निकलचं टेन्शन माझ्यावर सोडा.” महिना 75,000 ठरले. सॉफ्टवेअर करायला त्याने तीन कोटेशन आणली, त्यात पुण्याची एक कंपनी सगळ्यांत स्वस्त. पुढे सर्व्हरचं बिलही त्याच कंपनीमार्फत यायला लागलं, दरमहा 48,000.

बिंग फोडलं आमच्या अकाउंटंट ताईंनी. जीएसटीचा ताळमेळ लावताना त्यांनी त्या कंपनीचा नंबर पोर्टलवर टाकला. बिलावर छापलेलं होतं व्यापारी नाव; पोर्टलवर ‘लीगल नेम’च्या रकान्यात एका बाईंचं नाव निघालं, आडनाव याचंच. बायकोच्या नावावरची प्रोप्रायटरशिप! म्हणजे काम देणारा हाच, घेणारा हाच, आणि काम नीट झालंय म्हणून बिलावर सही करणाराही हाच. मग तिन्ही कोटेशन शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींत ‘मेन्टेनन्स’चं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेलं.

सर्व्हरचं मूळ बिल मागितलं तर म्हणे वेगळं बिल निघतच नाही. सातपूरच्या एका ओळखीच्या इंजिनिअरने आमचा वापर बघून सांगितलं, एवढ्याला दहा हजारसुद्धा लागायला नकोत.

आम्ही पेमेंट थांबवलं. त्यानंतर ऐन फेब्रुवारीत, सीझन भरात असताना, एका सकाळी साइट बंद, अॅप बंद, कंपनीचे ईमेलही बंद. डोमेन, म्हणजे आमच्या साइटचा आणि ईमेलचा पत्ता, त्याच्या वैयक्तिक खात्यात होतं, आणि मेल कुठे जायचा हे डोमेनच्या सेटिंगवरूनच ठरतं. क्लाउडचं, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरचं, मुख्य (रूट) लॉगिन त्याच्या जीमेलवर, कोड त्याच्या गिटहबवर (कोड ऑनलाइन ठेवायची जागा). दुपारी निरोप आला: हँडओव्हरचे 6 लाख.

पिंपळगावहून फोनवर फोन. “वहिनी, गाडी लागलीय, खोके कुठंयत?” धाकट्या दिरांनी वही काढली आणि ऑर्डरी हाताने लिहून घ्यायला बसले. हिशेब टॅलीत, कारखान्यातल्याच कॉम्प्युटरवर होता, म्हणून निदान येणी तरी वाचली.

वकिलांनी सांगितलेली गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेला मात्र, सगळे पैसे चुकते केले तरी, साधारणपणे त्याचाच राहतो. हक्क आपल्याकडे यायचे तर कलम 19 प्रमाणे सहीनिशी लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. निर्यातदारांशी धंदा असेल तर दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या, आणि पहिला हप्ता देण्याआधीच घ्या.

सीए असेल तर सदस्य क्रमांकावरून खातरजमा करता येते. सीटीओची अशी कुठलीही नोंदणी नसते, उद्या कुणीही कार्डावर छापून घेऊ शकतो. म्हणून आधीच्या कंपन्यांची चौकशी त्याने दिलेल्या मोबाइल नंबरवर करू नका. त्या कंपनीचा नंबर स्वतः शोधा आणि मालकांशीच बोला.

डोमेन, क्लाउड, गिटहब, प्ले स्टोअरचं खातं हे सगळं पहिल्या दिवसापासून कंपनीच्या नावाने, मालकाच्या ताब्यातल्या ईमेलवर उघडा. ओटीपी मालकाच्या फोनवर यायला हवा. त्या माणसाला कामापुरता अॅक्सेस द्या, तो काढून घेता येतो. डोमेनचा रिकव्हरी ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन गेलं की तोही जातो. क्लाउडचे पैसे कंपनीच्या कार्डावरून थेट भरा, म्हणजे मूळ बिल आपल्याच हातात येतं. आणि तो सुचवेल त्या प्रत्येक व्हेंडरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. फुकट आहे, मिनिटभराचं काम आहे.

6 लाख आम्ही दिले नाहीत. सायबर पोलिसांकडे तक्रार दिलीय. डोमेन ‘डॉट इन’चं असल्याने निक्सीच्या (‘डॉट इन’ डोमेन सांभाळणारी संस्था) आयएनडीआरपी या वाद-निवारण पद्धतीखाली वकील अर्ज करताहेत. सिस्टीम नव्याने लिहून घेतोय, यावेळी कोड आमच्याच खात्यात आहे. जुनं डोमेन अजून त्याच्याकडेच असल्याने त्या पत्त्यावरून आमच्या नावाने तो मेल पाठवू शकतो. त्यामुळे सध्या प्रत्येक पॅकहाऊसला फोन करून नवा ईमेल सांगतोय, आणि बजावतोय की आमचं बँक खातं बदललं असा मेल आला तर आमच्याशी फोनवर बोलल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.